खळीच्या तळाशी नाव

मंगळवार, १८ नोव्हेंबर. प्रयोगशाळेतले सगळे चार्ट उतरवून टेबलांवर पसरले आहेत. ओल्या फडक्यानं पुसून झाले, आता नईमभाई पेंटर यायची वाट. एरवी दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते त्याच दिवशी ते रंगांची पिशवी घेऊन दारात उभे असतात. यंदा चार फोन करावे लागले. काम तसं काहीच नाही. हाताच्या चार्टवरचं एक नाव खोडून तिथं दुसरं लिहायचं आहे.

तुम्ही म्हणाल, एका नावाला असा किती वेळ लागतो? तुम्हाला नईमभाई माहीत नाहीत म्हणून.

दुसरा कुठलाही पेंटर विचारतो, अक्षरं किती आणि रंग कुठला. नईमभाई विचारतात, "मतलब?" शरीराच्या चार्टवर अवयवापासून बाहेर एक रेघ ओढतात आणि तिच्या टोकाला नाव लिहितात, ते तुम्ही पाहिलं असेल. त्या रेघेला नईमभाई तीर म्हणतात. नावाचा अर्थ कळल्याशिवाय ते तीर ओढत नाहीत. अवयव काय काम करतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. अर्थ हवा असतो तो नावाचा. "पैले मतलब, फिर तीर." यात सूट नाही. मुख्याध्यापकांनाही नाही.

बावीस वर्षांपूर्वी मी पुंडलिकनगरातल्या या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमची गाठ पडली. सांगाड्याचा चार्ट इंग्रजी नावांसकट नव्यानं रंगवायचा होता. कवटीपासून मांडीपर्यंत ठीक चाललं. गुडघ्यापाशी ब्रश थांबला.

"मॅडम, पटेला म्हणजे?"

"गुडघ्याची वाटी."

"ते तर माझ्या आईलापण माहीत होतं. 'पटेला'चा मतलब बोला."

मी म्हटलं, नाव आहे ते, नावाला कसला अर्थ? त्यांनी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभा केला. "नावाला मतलब नसतो, तर तुमच्या बारशाला एवढी माणसं कशाला बोलावली होती?" असं म्हणून पिशवी उचलली आणि सरळ चालू लागले. सांगाडा आठवडाभर एका पायावर.

अडून बसणारी माणसं मला आवडत नाहीत. पण मला न आलेलं उत्तर त्याहून आवडत नाही. घरी जाऊन जाडजूड कोश उघडला. पटेला म्हणजे लॅटिनमध्ये लहानशी ताटली. शेवटी निरोप धाडला. नईमभाई आले, ऐकलं आणि चेहरा असा झाला, जणू कोणी पेढे वाटले. "देखो! गोऱ्यांच्या गुडघ्यातूनपण भांडंच निघालं!" तीर एका झटक्यात गेला. सरळ, फूटपट्टीशिवाय.

तेव्हापासून दर वर्षी दिवाळीनंतर मला गृहपाठ असतो.

नईमभाई मूळचे फुलंब्रीचे. त्यांचे वडील शहागंजात एका हकिमाकडे दवा कुटायला होते, त्यामुळे लहानपणापासून कानावर पडलेले अरबी-फारसी शब्द त्यांच्याकडे भरपूर. शाळा सहावीत सुटली. उंच, किडकिडीत माणूस. लिहिताना उजव्या हाताची करंगळी चार्टच्या कापडाला टेकवून ठेवतात, तिला कडेनं घट्टा पडलेला आहे. मराठी आमच्यासारखीच बोलतात, फक्त खुशीत आले किंवा रागात आले की दखनीवर जातात.

लहान आतड्याच्या मधल्या भागाचं नाव जेजुनम. मी अर्थ शोधून आणला: रिकामं, उपाशी. मेलेल्या माणसाचं पोट उघडलं की तो भाग नेहमी रिकामाच सापडायचा, म्हणून. नईमभाईंनी कपाळावर हात मारला. "हकीमसाब त्याला 'साइम' बोलायचे. साइम म्हणजे रोजेदार!" त्या वर्षी पुढं रमजानमध्ये ते फळ्याला रंग द्यायला आले होते. स्टाफरूममध्ये कोणी चहा पुढं केला की छातीवर हात ठेवून म्हणायचे, "नक्को. आज अख्खं आतडं साइम आहे." भूगोलाच्या बाई मला हळूच विचारत होत्या, यांना पोटाचा काही आजार आहे का.

स्नायूच्या इंग्रजी नावाचा, मसलचा, अर्थ लहानसा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणे. आपण त्याला बेटकुळी म्हणतो, म्हणजे बेडकी. नईमभाईंनी हा निकाल आमच्या पी.टी.च्या शिंदे सरांवर तपासून पाहिला. सरांना दंड फुगवायला लावला, चष्मा वर करून बारकाईनं बघितलं आणि म्हणाले, "सर, उंदीर नाय आणि बेडूकपण नाय. दोघं गावाला गेले वाटतं." शिंदे सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

मीही सुटले नाही. माकडहाडाला इंग्रजीत कोकिक्स म्हणतात, कारण ग्रीकांना त्या हाडात कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याची चोच दिसली. हे मीच त्यांना सांगितलं होतं. पुढच्याच पावसाळ्यात मी जिन्यावरून घसरून बसले. आठवडाभर उभ्यानं शिकवलं. नईमभाई गेटचं नाव रंगवायला आले होते. सगळ्यांदेखत, मोठ्या काळजीनं त्यांनी विचारलं, "मॅडम, कोयल कैसी है?"

मेंदूवर तीन आवरणं असतात. वरच्याच्या लॅटिन नावाचा अर्थ कठोर आई, आणि अगदी आतल्याचा मायाळू आई. मुळात अरबी वैद्यांनी आतलीला नुसतं 'पातळ आई' म्हटलं होतं. लॅटिनमध्ये आणणाऱ्यानं पातळचं मायाळू केलं. मी म्हटलं, बघा, भाषांतरात अशी गडबड होते. नईमभाईंनी मेंदूचा चार्ट जवळ ओढला. म्हणाले, "लिखनेवाले की अम्मा अच्छी होंगी."

एकदा मात्र ते चिडले होते. कानाच्या चार्टवर युस्टेशियन नळी लिहायची होती. मतलब विचारला. मी सांगितलं, याला मतलब नाही, ते एका माणसाचं नाव आहे, त्यानं ती नळी नीट पाहून लिहून ठेवली. नईमभाईंना पटेना. नळी प्रत्येकाच्या कानात आणि नाव त्याचं? मग बायकांच्या पोटातल्या नळीचं काय, ते त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं. मी सांगितलं, फॅलोपियन. तेही पुरुषाचंच नाव.

"म्हणजे बाईच्या पोटाचा सातबारापण मर्दाच्या नावावर?" त्यांनी डब्याचं झाकण आपटलं. "उसके खुद के नाव पे क्या है फिर?"

मला वाटलं, नेहमीची गंमत चाललीय. मी हसले आणि तासाला गेले.

आता त्या नावाकडे येते.

हाताचा चार्ट माझ्या आधीपासूनचा. मनगटाची आठ हाडं, बोटांची पेरं, आणि अंगठ्याच्या बुडाशी एक तीर. अंगठा ताठ करून मागं ताणा, मनगटाजवळ दोन शिरांच्या मधे एक खळी पडते. तिथं लिहिलं होतं 'राबिया खळी'. मी पहिल्या वर्षी वाचलं. युस्टेशियन नळी, फॅलोपियन नळी, तशी राबिया खळी, असं धरून चालले. अभ्यासक्रमात ती नाही, पण मी मुलांना आवर्जून शिकवते. हात टेकून पडलात आणि त्या खळीत दाबल्यावर दुखलं, तर हळद लावत बसू नका, एक्स-रे काढा, आतलं हाड मोडलेलं असू शकतं. कोणी विचारलं, मॅडम, राबिया कोण? तर मी सांगायचे, जुन्या काळातली एखादी अरबी वैद्य असावी. बावीस वर्षं सांगितलं.

यंदा दिवाळीत माझी जुनी विद्यार्थिनी स्नेहल घरी आली. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. फराळाची बशी हातात घेऊनच तिनं सुरुवात केली.

"मॅडम, तोंडी परीक्षेत सरांनी अंगठ्याजवळची खळी दाखवून विचारलं, ही काय? मी म्हटलं, राबियाज फोसा. सर म्हणाले, कोण राबिया? मी म्हटलं, प्राचीन अरबी वैद्य. अख्खा हॉल हसला! असं काही नसतंच म्हणे."

"मग काय असतं?"

"स्नफबॉक्स. तपकिरीची डबी."

ती हसत होती. मी हातातली चकली बशीत परत ठेवली. तो 'प्राचीन अरबी वैद्य' माझा होता. बावीस वर्षांची मुलं डोळ्यांपुढून गेली. चूक सापडली की ती त्याच दिवशी दुरुस्त करायची, अशी मला सवय आहे. शाळा बंद होती म्हणून थांबले. उघडल्याबरोबर नईमभाईंना फोन केला: हाताच्या चार्टवरचं राबिया हे नाव चुकीचं आहे, खोडायचं आहे, या.

पलीकडून "मतलब?" आलं नाही. नुसतं "हौ मॅडम" म्हणाले आणि फोन ठेवला. मग चार दिवस बेपत्ता. आणखी तीन फोन झाले.

आज अकराला आले. चहा नको म्हणाले. हाताचा चार्ट समोर ओढला, पिशवीतून पांढरा रंग काढला, झाकण उघडलं आणि तसेच बसले. मी शेजारी उभी होते. इतक्या जवळून तो चार्ट मी पहिल्यांदाच बघत होते बहुधा. बाकीची अक्षरं उडून तपकिरी पडली होती, काही तर वाचताही येत नव्हती. 'राबिया' ही तीन अक्षरं काल लिहिल्यासारखी काळीभोर.

"नईमभाई, हे नाव तुम्ही दर वर्षी गिरवता?"

"हौ."

"राबिया कोण?"

"माझी बायको," ते म्हणाले.

मी स्टूल ओढून बसले.

"तुमच्या आधी कुलकर्णी सर होते," नईमभाई ब्रशचे केस बोटांनी सरळ करत सांगायला लागले. "सर खुर्चीत, मी खाली. सर बोलले, अंगठ्याच्या बुडाशी खळी आहे, तिथं तीर मार. खळीच्या तळाशी नाव आहे. मी विचारलं, कुणाचं? सर बोलले, कुणाचं काय रे? लिही आणि मोकळा हो. घंटा झाली, सर गेले वर्गावर."

मला हसू आवरलं नाही. त्या खळीच्या तळाशी जे हाड असतं त्याला नौकाकृती म्हणतात, आकार होडीसारखा म्हणून. कुलकर्णी सर नाव म्हणत होते ती पाण्यातली.

"ते मला पुढच्या साली कळलं," नईमभाई म्हणाले. "पण खरं बोलू? तेव्हा कळलं असतं तरी मी हेच लिहिलं असतं."

"का?"

"राबिया कायम टोमणा मारायची. सारे शहर के नावां लिखते तुम. किराणेवाले का, दर्जी का, दातां के डाक्टर का. मेरा नाव कब्बी लिखे क्या? मी बोलायचो, तेरी क्या दुकान है?" ते थोडं हसले. "सर असं बोलले तसं मनात आलं, एवढी सगळी नावं आहेत अंगात, एक हिचं. घरी जाऊन बोललो, आज तुझं नाव लिहिलं. कुठं? बोललो, हातावर. तिला वाटलं, मी गोंदवून आलो. लई भांडली! या उमर में लाज नहीं? मग समजावलं. शाळेत, चार्टवर, डॉक्टरी नावांच्या लायनीत. तर बोली, दिखाव. म्हटलं, दिवाळीची सुट्टी लागलीय, शाळा उघडू दे."

ब्रश सरळ करून झाला होता. तरी ते करत राहिले.

"सुट्टीत ताप आला. आठ दिवस. शाळा उघडली तेव्हा मी एकटाच आलो."

बाहेर मधल्या सुट्टीचा गोंगाट सुरू झाला होता. मी उठून दार लावून घेतलं.

"आमच्यात कबरीवर नाव लिहीत नाय," ते म्हणाले. "शहरात अर्ध्या पाट्या माझ्या हाताच्या होत्या, त्या सगळ्या फ्लेक्सनं खाल्ल्या. ते जाऊ द्या. आणि हे मतलब-मतलब, मॅडम, तुम्हाला वाटतं माझा शौक आहे. मी सहावी नापास, मला कशाला पाहिजे मतलब? तिला पाहिजे असायचा. संध्याकाळी दार उघडतानाच विचारायची, आज क्या लाये? पेंटरकडे आणायला काय असतं? मग एक मतलब न्यायचो. गुर्दा म्हणजे काय, जिगर म्हणजे काय. ती मग गल्लीभर सांगायची."

"आणि आता?"

"आता आदत आहे. मतलब मिळाला की घेऊन जातो घरी. कुलूप काढताना याद येते."

मग तेच भानावर आले, पाठ सरळ केली, ब्रश पांढऱ्यात बुडवला.

"गलत है तो गलत है, मॅडम. बच्चों का नुकसान नक्को. बोला, काय लिहू?"

"तपकिरीची डबी," मी म्हटलं.

ब्रश हवेतच राहिला. "क्या?"

"तपकिरीची डबी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो शब्द आला. "मतलब?"

मी सांगितलं, तिकडचे लोक पूर्वी चिमूटभर तपकीर त्या खळीत ठेवायचे आणि हात नाकाशी नेऊन ओढायचे. खळी म्हणजे डबीच. म्हणून हे नाव.

नईमभाईंनी ब्रश खाली ठेवला. आधी खांदे हलायला लागले, मग आवाज आला. ते हसत होते. टेबलाला धरून हसत होते. "या अल्ला! मॅडम, राबिया वहींच रखती थी! तिला डोकेदुखी होती, चार वाजता तपकीर लागायची. डबीतून काढली की अंगठा असा ताणायची, खळीत टाकायची, ओढायची आणि सात शिंका! गल्लीत घड्याळ लागत नव्हतं. म्हणून तर तिची खळी मला माहीत होती. पण या साहेबलोकांना कुणी सांगितलं?"

हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बाहीनं डोळे पुसले. दोनदा पुसले. मग चष्मा घालून पुन्हा ब्रश उचलला, अगदी खुशीत.

"लिहितो. हेपण तिचंच नाव झालं. खोडलं तरी ती तिथंच."

करंगळी कापडाला टेकली. ब्रशचं टोक 'रा'च्या जवळ गेलं.

"थांबा," मी म्हटलं. "रंग पातळ झालाय."

"नाय मॅडम, आजच उघडला, एकदम—"

"मी सांगते, पातळ आहे. खालचं काळं वर दिसेल. झाकण लावा."

त्यांनी डब्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं. झाकण लावलं. पिशवी भरताना म्हणाले, "मग मी कधी येऊ?"

"दिवाळीनंतर. नेहमीसारखं."

बुधवार, १९ नोव्हेंबर. सकाळी मी अर्धा तास आधी शाळेत गेले. कागदाची एक पट्टी कापली, तिच्यावर 'तपकिरीची डबी' लिहिलं, खाली कंसात मराठी अक्षरांत इंग्रजी नाव, आणि ती हाताच्या चार्टवर राबियाच्या खाली चिकटवली. अक्षर माझं, म्हणजे वाकडं. मग नववी 'ब'च्या वर्गात चार्ट टांगला. सगळ्यांना उजवा अंगठा ताठ करायला लावला, डाव्या हाताचं बोट त्या खळीत ठेवायला सांगितलं, दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, आत नाडी लागते. बेचाळीस मुलं आपापल्या हातात डोकं घालून बसली होती. मागच्या बाकावरून "लागली, लागली" असं कुजबुजणं सुरू झालं.

"याची नावं दोन आहेत," मी म्हटलं. "कॉलेजात कोणी विचारलं तर खालचं सांगायचं. वरचं तिथं सांगू नका, हसतील."

"मग वरचं कशाला लिहिलंय, मॅडम?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. "आणि राबिया कोण?"

"चार्ट रंगवणाऱ्या काकांची बायको," मी म्हटलं. "दोन्ही लिहून घ्या. आता पुढचं हाड."